आधीपासून शुगर आणि पाठदुखी असेल तर अपघाताचा क्लेम मिळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांचे वय 54. नागपुरात मानकापूर चौकात त्यांच्या स्कूटरला कारने मागून धडक दिली. मांडीचे हाड मोडले, पायाची जखम दोन महिने झाले तरी भरत नाही. शुगर दहा वर्षांपासून आहे, पाठही जुनीच दुखते. आणि कारच्या विमा कंपनीचा माणूस सांगतो, "हे सगळं प्री-एक्झिस्टिंग आहे, फार काही हाती लागणार नाही."

त्याचे ऐकून घरी बसू नका.

मी वकील नाही. इतवारीत माझे कापडाचे दुकान आहे. अपघातात मोडलेल्या स्वतःच्या मणक्यापायी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात चार वर्षे तारखा केल्या, तेवढ्यावरून सांगतो.

'प्री-एक्झिस्टिंग' हा शब्द मेडिक्लेममधला. तिथे पॉलिसी घेताना तुमचा कंपनीशी करार होतो, आणि जुन्या आजारासाठी थांबायची मुदत असते, आता जास्तीत जास्त तीन वर्षे, 2024 च्या आधी चार होती. तुमच्या बाबांनी मात्र त्या कारच्या कंपनीशी कसलाच करार केलेला नाही. कारवाल्याची चूक झाली, म्हणून त्याच्या वतीने कंपनीने भरायचे, हा थर्ड पार्टी क्लेम. त्याला वेटिंग पिरियड वगैरे काही नसतो. धडक देणारा समोरच्याची हाडे तपासून धडक देत नाही. ज्याला धडक बसली तो जसा होता तसा धरूनच भरपाई द्यायची, हे तत्त्व जुने आहे, वकील लोक त्याला 'एगशेल स्कल' म्हणतात.

पण जुना आजार मोजलाच जात नाही, असेही समजू नका. आजचा त्रास किती अपघाताचा आणि किती आधीचा, हा प्रश्न ट्रिब्युनलपुढे, म्हणजे अपघाताच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणापुढे, निघतोच. माझी चूक तिथेच झाली.

माझ्या पहिल्या वकिलाने सांगितले होते, "जुन्या पाठदुखीचा विषयच काढू नका." मी नाही काढला. शपथपत्रात त्यांच्या मुन्शीने नेहमीचे वाक्य टाकले, 'अपघातापूर्वी मी पूर्णपणे तंदुरुस्त होतो', आणि मी न वाचता सही ठोकली. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने दवाखान्याचा केस पेपर वर धरला आणि पहिल्याच पानावरची डॉक्टरी अक्षरातली एक ओळ मलाच वाचायला लावली: 'के/सी/ओ लंबर स्पॉन्डिलोसिस, 6 वर्षे'. के/सी/ओ म्हणजे नोन केस ऑफ, आजार आधीपासून माहीत असलेला; लंबर स्पॉन्डिलोसिस म्हणजे कमरेच्या मणक्यांची झीज. ही माहिती दिली कोणी? मीच! कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडल्या पडल्या डॉक्टरांनी विचारले आणि मी खरे ते सांगून टाकले होते. "मग शपथपत्रातलं वाक्य खोटं आहे ना?" यावर काय बोलणार? न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून एकदा बघितले फक्त. मला घाम फुटला.

वाचवले ते जुन्या एमआरआयनेच. बायकोने गादीखालून फिल्म शोधून काढली. तोवर वकील बदलला होता, नव्या वकिलांनी अर्ज देऊन ती दाखल केली. माझ्यावर उपचार करणाऱ्या ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी साक्षीत दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. जुनीत कमरेच्या एल-4 आणि एल-5 मणक्यांमधली चकती बाहेर आलेली, वयाने येते तशी. नवीत ती होतीच, शिवाय वरचा एल-1 मणका पुढून चेपलेला. जुन्या फिल्ममध्ये तोच मणका चांगला चौकोनी होता. जे लपवायला सांगितले होते, त्यानेच अपघातात काय मोडले ते दाखवले.

दुसरी साक्ष दुकानातल्या नोकराची. आधी शेठ लाकडी घोड्यावर (शिडीवर) चढून वरच्या फळीवरचे ताके स्वतः काढायचे, आता गल्ल्यावरून उठताना टेबलाचा आधार घेतात, एवढेच त्याने सांगितले. माझ्या मते डॉक्टरांच्या टक्क्यांइतकेच ते उपयोगी पडले. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की शरीराचे अपंगत्व किती टक्के यापेक्षा कमाई किती घटली हे महत्त्वाचे, आणि दाखल्यावरचा आकडा डोळे झाकून घ्यायचा नाही. तो एका पायाचा आहे की सबंध शरीराचा, हेही बघतात. माझ्या दाखल्यावर 30 होते, धरले 20.

आता तुमच्या बाबांचे. मांडीच्या हाडाचे मला काही अवघड दिसत नाही, शुगरने ते असे मोडत नाही. भांडण जखमेवर होईल. शुगरमुळे ती उशिरा भरते हे कंपनी म्हणणारच, आणि ते खरेही आहे. पण जखम झाली कारने. त्या दिवशी पाय शाबूत होता ना? मग उपचार करणाऱ्या सर्जनकडून डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहून घ्या की जखम अपघाताची आहे आणि मधुमेहामुळे भरायला वेळ लागतोय. अपघाताआधीचे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) रिपोर्ट शोधा. शुगर आटोक्यात असेल तर उत्तमच, नसेल तरी द्या. आणि आता गोळ्या-इन्सुलिन एक दिवसही चुकवू देऊ नका, नाहीतर 'पेशंटनेच हयगय केली' हा मुद्दा तुम्हीच त्यांच्या हातात द्याल.

पाठदुखीबद्दल स्पष्टच लिहा: त्रास होता, पण त्याच त्रासासकट ते स्कूटर चालवत होते, कामावर जात होते.

टक्क्यांवर एवढे भांडण का, ते हिशेबाने बघा. समजा कमाई महिना 20,000. वर्षाचे 2,40,000. कमाईतली घट 20 टक्के धरली तर 48,000. वर्षाच्या घटीला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात; 51 ते 55 वयाला 11 चा गुणक, म्हणजे 5,28,000. कंपनीने 'यातले अर्धे आधीचेच' असे गळी उतरवले की थेट 2,64,000 वर येते. दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार, वेदनांची भरपाई हे वेगळे मागायचे.

मुदतीकडे लक्ष ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 मध्ये क्लेमचा अर्ज करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली आहे, तुमचे दोन तर गेलेच. अपघात कुठेही झाला असला तरी राहत्या ठिकाणच्या ट्रिब्युनलमध्ये अर्ज करता येतो, तुमचे तर दोन्ही इथलेच दिसते. एफआयआर, पंचनामा, केस पेपरची प्रमाणित प्रत आत्ताच काढून ठेवा. मिळणाऱ्या रकमेत टक्का मागणारे वकील कोर्टाबाहेर भेटतील, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

आणि शपथपत्र सहीला आले की बाबांना शेजारी बसवून एकेक ओळ मोठ्याने वाचा. 'पूर्णपणे तंदुरुस्त' दिसले की तिथेच खोडायला लावा.