एव्हलिन अंडरहिल कोण होत्या, आणि त्यांचं आधी काय वाचावं?

इंग्लंडमधल्या लेखिका, १८७५ ते १९४१. नाव झालं ते १९११च्या ‘मिस्टिसिझम’ (गूढवाद, म्हणजे ईश्वराचा थेट अनुभव घेण्याची वाट) या जाडजूड ग्रंथामुळे. साधकाचा प्रवास त्यात पाच टप्प्यांत मांडलाय: जागृती, शुद्धी, प्रकाश, मग ‘काळोखी रात्र’ आणि शेवटी ईश्वराशी ऐक्य. चौथा टप्पा चुकवू नका. सगळं गवसल्यावर पुन्हा हात रिकामे होणं तिथे फार बारकाईने आलंय. पण सुरुवात या ग्रंथाने केलीत तर दमछाक होईल. १९१४चं ‘प्रॅक्टिकल मिस्टिसिझम’ छोटंसं आहे, साध्या माणसांसाठीच लिहिलेलं. आणि हो, रवींद्रनाथांनी कबीराच्या शंभर कविता इंग्रजीत आणल्या, त्यात मदत आणि प्रस्तावना याच बाईंची. पुढे कॅथलिक धर्मचिंतक बॅरन फॉन ह्यूगेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचा ओढा सिद्धांतापेक्षा रोजच्या उपासनेकडे वळला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्या युद्धविरोधी होत्या.