नवं फाउंटन पेन दोन-तीन ओळींनी फिकं पडतं, झटकलं की पुन्हा चालतं. पेन खराब निघालं का?

बहुतेक नाही. 'झटकलं की पुन्हा चालतं' हे तुम्ही लिहिलंत, त्यातच निदान आहे. निबच बिघडलेली असती तर बहुधा झटकून एवढा फरक पडला नसता. तुमची निब लिहितेय, बहुधा तिला मागून शाई पुरत नाहीये. त्यामुळे निबला सध्या हात लावू नका.

पेनातून जेवढी शाई खाली उतरते तेवढी हवा वर जावी लागते. निबखालच्या फीडमध्ये यासाठी बारीक खाचा असतात आणि शाई त्यांतून केशाकर्षणाने पुढे येते. नव्या पेनात कारखान्यातलं तेल या खाचांत राहिलेलं असू शकतं. तेलकट प्लॅस्टिकवर शाई पसरत नाही, थेंब धरून बसते. (एबोनाइटच्या, म्हणजे कडक रबराच्या, फीडवर शाई जास्त चांगली पसरते. हाताने घडवलेल्या भारतीय पेनांत ते अजून मिळतं.)

तेव्हा आधी पेन धुवा. वाटीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पुरे. कन्व्हर्टर (पेनातली शाई ओढून घेणारी दट्ट्याची छोटी नळी) फिरवून हे पाणी आत-बाहेर करा, मग साध्या पाण्याने साबण पूर्ण निघेपर्यंत तेच. कडकडीत पाणी अजिबात नको, फीड वाकू शकतं. निब खाली करून टिश्यूत रात्रभर निथळू द्या.

शाई भरून लिहायला लागा आणि अक्षरं फिकी पडली की लगेच, न झटकता, कन्व्हर्टर उजेडात धरून बघा. पुष्कळदा शाई वरच्या टोकाला, दट्ट्याजवळ चिकटून राहिलेली दिसते आणि खाली तोंडाशी नुसती हवा. पृष्ठताणामुळे बारीक नळीत असं होतं. निब खालीच ठेवून कन्व्हर्टरवर टिचकी मारा, दट्ट्या किंचित खाली फिरवा, निबवर थेंब आला की पुसा. हे वारंवार व्हायला लागलं तर दुसरा कन्व्हर्टर घ्या, शक्यतो आत छोटी गोळी किंवा स्प्रिंग असलेला.

शाई कोणती भरलीत तेही बघा. पेलिकन ४००१ चांगली शाई आहे, पण कोरडी वाहते, म्हणजे कमी उतरते. कंजूष फीडला ती मानवत नाही. वॉटरमनची निळी भरून बघा. वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक मात्र फाउंटन पेनात कधीच भरू नका. तिच्यातली लाख फीडमध्ये वाळली की पेन कामातून गेलं.

आणि दाबून लिहू नका. बॉलपेनची सवय असली की शाई कमी आली की हात आपोआप जड होतो. त्याने निबची टोकं फाकतात, फीडपासून उचलली जातात आणि शाई आणखीच तुटते.

एवढं करूनही तसंच राहिलं तर दहापट भिंगातून निब समोरून बघा. दोन टोकं वर-खाली असतील किंवा मधली फट टोकाशी पार मिटलेली असेल, तर तो मात्र निबचा दोष. ब्लेड घालून फट रुंद करायला जाऊ नका, पेन नवं आहे तोवर दुकानातून बदलून घ्या.