पाय चालते आहेत तोवर

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे निवृत्तीविषयी आहेत. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या दोन प्रश्नांना मी जास्त जागा दिली आहे, कारण उरलेल्या अडचणींची मुळे बहुतेक वेळा त्या दोनांतच सापडतात.

प्रश्न: पाच महिन्यांपूर्वी, साठाव्या वर्षी मी निवृत्त झालो. जग पाहण्याची आम्हा दोघांची इच्छा तीस वर्षे मनातच राहिली. मुलगी म्हणते, आता लगेच निघा. मला वाटते की आधी तीन-चार वर्षे खर्चाचा अंदाज घ्यावा, पैसे पुरतात हे पाहावे आणि मगच प्रवासाला लागावे. कोणाचे बरोबर?

उत्तर: आपल्या मुलीचे बरोबर आहे, आणि आपली काळजीही खोटी नाही. निवृत्तीनंतरच्या आयुष्याचा हिशोब आपण सगळेच ‘किती वर्षे जगू’ या आकड्यावर मांडतो, कारण पैसा तितकी वर्षे पुरवायचा असतो. प्रवासाचा हिशोब मात्र वेगळ्या आकड्यावर मांडावा लागतो. पायऱ्या चढून, हातात सामान घेऊन, दिवसभर पायांवर उभे राहून संध्याकाळी पाहिलेल्या गोष्टींविषयी उत्साहाने बोलता येईल, इतकी ताकद अंगात किती वर्षे राहील, हा तो आकडा. तो पहिल्यापेक्षा लहान असतो, आणि जोडीने प्रवास करायचा असेल तर ज्याचे गुडघे आधी थकतात त्याचा आकडा दोघांचा होतो. तीन-चार वर्षे थांबून आपल्याला पैशांचा थोडा जास्त अंदाज येईल, परंतु या लहान आकड्यातील मोठा वाटा तेवढ्यात खर्च झालेला असेल.

म्हणून दोघांनी मिळून मनातल्या ठिकाणांची यादी करावी आणि ती आवडीच्या क्रमाने न लावता अंगमेहनतीच्या क्रमाने लावावी. डोंगरवाटा, उंचावरचे प्रदेश, लांब पल्ल्याचे विमानप्रवास आणि रोज मुक्काम हलवणाऱ्या सहली अगदी वर याव्यात. रेल्वेचे आणि जहाजाचे प्रवास मध्ये यावेत. एकाच गावात महिनाभर घर घेऊन राहणे, सकाळी तेथल्या बागेत जाऊन बसणे, हे सगळ्यात खाली ठेवावे. त्याची गोडी कमी आहे म्हणून नव्हे. ती पंच्याहत्तरीतही तितकीच घेता येते म्हणून. माझ्या ओळखीचे एक जोडपे कोणत्याही प्रवासाआधी आठवडाभर एक साधी परीक्षा घेते: बॅग पूर्ण भरायची, आपली आपण उचलायची आणि तीन मजले चढून जायची. दुसऱ्या मजल्यावर थांबावे लागले तर बॅगेतून वस्तू काढायच्या. एका वेळी बॅग अर्धी रिकामी करूनही थांबावे लागले, तेव्हा त्यांनी बेत न मोडता मुक्काम कमी केले आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिवस जास्त राहिले. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला.

आता आपल्या काळजीविषयी. अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये तेथील शेअर आणि रोखे बाजारांचा जुना इतिहास तपासून असे दाखवले, की पहिल्या वर्षी पुंजीच्या 4 टक्के रक्कम काढली आणि पुढे दर वर्षी महागाईइतकी वाढवत नेली, तरी पुंजी किमान 30 वर्षे टिकली असती. हा आकडा एका देशाच्या इतिहासातून आलेला आहे. तो जसाच्या तसा उचलू नये, पण विचाराची पद्धत घ्यावी. महागाईसाठी 72 चा आडाखा लक्षात ठेवावा. 72 ला महागाईच्या दराने भागले की खर्च किती वर्षांत दुप्पट होईल ते कळते. दर 6 टक्के असेल तर बारा वर्षांत, म्हणजे साठीला जो खर्च आहे तो बहात्तरीला दुप्पट आणि चौऱ्याऐंशीला चौपट.

खरा धोका मात्र पहिल्या काही वर्षांत असतो आणि त्याकडे फार थोडे लोक पाहतात. समजा, 100 रुपयांची गुंतवणूक एका वर्षी 20 टक्क्यांनी घटली आणि दुसऱ्या वर्षी 25 टक्क्यांनी वाढली. काही काढले नाही तर वर्षांचा क्रम कोणताही असो, शेवटी 100 रुपयेच राहतात. पण दर वर्षअखेरीस 10 रुपये काढले, तर आधी घट आल्यास साडेसत्त्याहत्तर उरतात आणि आधी वाढ आल्यास 82 उरतात. बाजार पडलेला असताना विकून काढलेला पैसा नंतरच्या तेजीत सामील होत नाही. यावर उपाय असा की पहिल्या चार-पाच वर्षांच्या प्रवासाची रक्कम आजच वेगळी काढून, जिथे चढउतार नाहीत अशा ठेवीत ठेवावी आणि मूळ पुंजीला प्रवासासाठी हात लावू नये. मग बाजार पडला तरी प्रवास थांबत नाही, आणि प्रवासामुळे म्हातारपणाची तरतूदही मोडत नाही. आपण या वर्षीच निघावे.

प्रश्न: माझे पती निवृत्त होऊन चार महिने झाले. ते दिवसभर घरी असतात, प्रत्येक गोष्टीत लक्ष घालतात, मी कुठे निघाले, कधी येणार, हे विचारतात. ते वाईट वागत नाहीत, तरी माझा दिवस माझा राहिला नाही. हे बोलायचे कसे?

उत्तर: हा प्रश्न विचारताना आपल्याला अपराधी वाटले असावे, असे पत्राच्या भाषेवरून जाणवते. तसे वाटून घेऊ नये. निवृत्त एक जण होतो, पण दिनक्रम दोघांचा मोडतो. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी 1970 च्या दशकात निवृत्तीचे टप्पे मांडले होते. सुरुवातीचे मधुचंद्राचे दिवस, मग हिरमोड, मग स्वतःची नव्याने घडी बसवणे. प्रत्येक जण या सगळ्या टप्प्यांतून जातोच असे नाही, परंतु चार-सहा महिन्यांनी जी पोकळी जाणवू लागते तिला नाव मिळाले की तिची भीती कमी होते.

माझ्या घरी हे घडलेले आहे. यजमान निवृत्त झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी बाहेरून आले, तर त्यांनी माझ्या शिवणाच्या टेबलाचे खण उपसून सगळी रिळे रंगांप्रमाणे ओळीने लावली होती. निळ्याच्या पाच छटा, त्यांच्या शेजारी हिरव्या. मी दोरे सुती, रेशमी आणि जाड अशा जातींप्रमाणे ठेवत असे. पुढचा आठवडाभर मला हवा तो दोरा हाताला लागला नाही. मी रागावले, ते दुखावले, आणि दोन दिवस आम्ही नीट बोललो नाही. नंतर माझ्या लक्षात आले, की तीस वर्षे एक संपूर्ण विभाग चोख ठेवणाऱ्या माणसाला घरात चोख ठेवण्यासारखे काही मिळालेच नव्हते. ‘जरा मदत करा’ असे म्हणून मी त्यांना माझ्याच कामांत उमेदवार करून ठेवले होते.

त्यानंतर आम्ही घरातील दोन कामे पूर्णपणे त्यांच्याकडे दिली: सर्व बिले व कागदपत्रे, आणि घराची दुरुस्ती. पूर्णपणे म्हणजे निर्णयासकट. त्यांत मी विचारल्याशिवाय बोलत नाही. सकाळी दहा ते एक हा वेळ ज्याचा त्याचा, त्यात कोणी कोणाला कुठे चाललात हे विचारायचे नाही, असेही ठरले. आपणही असेच करावे, मात्र तक्रार म्हणून सांगू नये. भांडणाच्या वेळी तर मुळीच नाही. एखाद्या निवांत दिवशी कागद घेऊन बसावे आणि ‘आपल्या दोघांचा आठवडा कसा असावा’ असे विचारावे. पतींना घराबाहेरची, आपल्याशिवायची माणसे मिळणेही तितकेच गरजेचे आहे. हार्वर्ड विद्यापीठात 1938 पासून चालू असलेल्या प्रौढ जीवनाच्या अभ्यासात जवळच्या नात्यांतील समाधान आणि उतारवयातील आरोग्य यांचा निकटचा संबंध आढळला आहे. नाती म्हटले की आपल्याला घरच आठवते. पण नोकरीबरोबर जी रोजची दहा माणसे सुटली, त्यांची जागा एकट्या पत्नीने भरून काढावी ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे.

प्रश्न: मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. आमच्या निवृत्तीची तारीख कळल्यापासून नातवाला आम्हीच सांभाळणार असे त्यांनी गृहीत धरले आहे. नातू आम्हाला जीव की प्राण आहे, पण आमचेही काही बेत आहेत. नाही म्हणणे स्वार्थीपणाचे ठरेल का?

उत्तर: स्वार्थीपणाचे मुळीच ठरणार नाही, उशिरा सांगणे मात्र त्यांना अडचणीत टाकणारे ठरेल. त्यांनी गृहीत धरले, यात आपल्या गप्प राहण्याचाही वाटा आहे. पाळणाघर किंवा अन्य सोय शोधायला वेळ लागतो, म्हणून निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी चौघांनी एकत्र बसावे आणि ‘आम्ही आहोतच’ असे मोघम न बोलता दिवस आणि तास सांगावेत. उदाहरणार्थ, आठवड्यातील तीन दिवस, दुपारी दोन ते सहा. आणि वर्षातील अमुक दोन महिने आम्ही बाहेर असू. आजारपणाची आणि अडीअडचणीची गोष्ट वेगळी, हेही त्याच वेळी बोलून ठेवावे. आठवड्यातून तीन दिवस भेटणारे, ताजेतवाने आजी-आजोबा मिळणे हे नातवाच्याही हिताचे आहे, असे मी मनापासून मानते. पुढे तो आठ-दहा वर्षांचा झाला की एखादा प्रवास फक्त त्याच्याबरोबर करावा.

प्रश्न: आम्ही दोघे पासष्टीचे आहोत. उंच पर्वतीय प्रदेशात जाणार आहोत. काय काळजी घ्यावी?

उत्तर: डॉक्टरांना प्रवासाचा पूर्ण मार्ग, उंचीसकट, दाखवावा, हृदय, फुप्फुसे किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर हे टाळूच नये. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास सुरू होऊ शकतो. 3,000 मीटरच्या पुढे रात्रीच्या मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. डोकेदुखी, मळमळ सुरू झाल्यास वर चढू नये. लक्षणे वाढल्यास खाली उतरावे. तेथे पोहोचण्यासाठी चार तासांहून अधिक बैठा प्रवास असेल, तर पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून मधून मधून उठून चालावे. औषधे हातातल्या पिशवीतच असावीत आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण कंपनीचे नाव परदेशात चालेलच असे नाही. प्रवासविम्याच्या अर्जात जुने आजार लपवू नयेत. दावा नाकारला जाण्याचे ते मोठे कारण असते. जागतिक आरोग्य संघटनेने 65 वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकद वाढवणारा सराव सुचवला आहे. प्रवासाला चार महिने असतील तर आजच सुरुवात करावी.

प्रश्न: घरातील सर्व व्यवहार मीच पाहतो. मला काही झाले तर पत्नीला काहीच ठाऊक नाही. कोठून सुरुवात करू?

उत्तर: एका कागदापासून. खाती, ठेवी, विमा, कर्जे, घराचे दस्तऐवज आणि मृत्युपत्र कोठे आहे, कोणाला फोन करायचा, एवढेच त्यावर लिहावे. पासवर्ड त्यावर लिहू नयेत, ते बंद पाकिटात वेगळे ठेवावेत. वारसा आणि नामनिर्देशनाचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून मृत्युपत्र वकिलाला दाखवून घ्यावे, आणि आपण बेशुद्ध वा असमर्थ झाल्यास निर्णय कोणी घ्यायचे हेही त्याच भेटीत विचारावे. मग पुढच्या महिन्याचे सगळे व्यवहार पत्नीने करावेत आणि आपण शेजारी बसून पाहावे. नुसते सांगितलेले लक्षात राहत नाही. कागदाच्या तळाशी तारीख घालावी, दर वर्षी त्याच महिन्यात तो नव्याने लिहावा आणि जुना फाडून टाकावा, कारण दोन याद्या सापडल्या तर त्यांतली खरी कोणती हे सांगायला आपण तेथे नसाल.