आईच्या आजारासाठी नाही धावलो तर?

"धावायचं पक्कं आहे हो, पण कोणासाठी तेच ठरेना", असं म्हणत तो आला तेव्हा खरं सांगते, मला वाटलं हा चुकून माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे आलाय, याला कोच हवाय. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पहिलीच फुल मॅरेथॉन, ४२.१९५ किमी. एन्ट्रीच्या लॉटरीत नंबर लागला नाही म्हणून चॅरिटी प्लेस, म्हणजे संस्था तुम्हाला एन्ट्री देते आणि तुम्ही ठरलेली किमान रक्कम जमवून द्यायची. दोन ठिकाणी होकार आलेला. एक कॅन्सरवर काम करणारी, दुसरी अंध मुलांसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणारी. आई दोन वर्षांपूर्वी कॅन्सरने गेलेली, त्यामुळे घरात सगळ्यांनी धरूनच चाललेलं की हा आईसाठी धावणार.

मग अडलं कुठे? फोन काढून दाखवला. फंडरेजिंगच्या पेजचा ड्राफ्ट. 'माझी आई' एवढे दोन शब्द आणि पुढे काहीच नाही, तीन आठवडे तसंच.

"कॅनडाचा टेरी फॉक्स बघा ना, १९८० मध्ये कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, ५,३७३ किमी, कॅन्सर संशोधनासाठी, आणि मला साधं एक पान लिहवत नाही. वाईट मुलगा आहे का मी?"

म्हटलं, अहो, टेरी कॅन्सरने गेलेल्या स्वतःच्या पायाबद्दल बोलत होता. तुम्हाला आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलावं लागणार. आणि ते पेज लिहून संपत नाही, ट्रेनिंगचे सोळा-अठरा आठवडे अपडेट टाकायचे, खाली लोक आपापल्या आयांबद्दल लिहिणार, ऑफिसच्या लिफ्टमध्ये कोणीतरी विचारणार, काय झालं होतं आईंना? चालेल?

बराच वेळ गप्प. मग, "लिफ्टमध्ये नाही चालणार."

'मनाला भिडेल ती संस्था निवडा' हा सल्ला सगळे देतात, मला तो अर्धवट वाटतो, कारण जे भिडतं तेच कधीकधी खपली काढतं. काहींना असं सारखं बोलून मोकळं वाटतं, तशीही माणसं मी पाहिलीत. याला वाटत नव्हतं, एवढंच. किती प्रेम होतं याचा त्याच्याशी संबंध नाही.

दुसरी संस्था का, तर कारण ऐकून मी हसलेच. लाँग रनला तो ऑडिओबुक ऐकतो. बस्स! पण हे तो लिफ्टमध्ये कोणालाही एका दमात सांगू शकत होता. आणि पैसे देणारे बहुतेक तुम्हाला ओळखतात म्हणून देतात, रडवणारी गोष्ट नसली तरी.

बाकी गृहपाठ दिला: संस्थेचा वार्षिक अहवाल आणि ऑडिट झालेले हिशोब बघा, आणि सही करायच्या आधी विचारा की दुखापत झाली किंवा रक्कम कमी पडली तर काय, उरलेले पैसे तुमच्या खिशातून का, एन्ट्री पुढच्या वर्षी ढकलता येते का. हे लेखी घ्या. नंतर यावरून झोप उडालेली माणसंही येतात माझ्याकडे.

वडिलांना सांगायची सगळ्यात जास्त धास्ती होती. दोनदा रिहर्सल केली आम्ही. वडील ऐकून एवढंच म्हणाले, "गुडघा सांभाळ."

'माझी आई'वाला ड्राफ्ट अजून फोनमध्ये आहे. डिलीट करू का विचारलं त्याने, म्हटलं राहू दे की, कुठे जागा खातोय.