खरखरीत प्रायमर काढताना

प्लॅस्टिकच्या छोट्या मॉडेलवर प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, खरखरीत बसला? घाबरू नका, मॉडेल वाया गेलेलं नाही. बेळगावच्या जुलैतल्या दमट हवेत स्प्रे मारला, किंवा डबा फार लांब धरला, की प्रायमर वाटेतच अर्धवट वाळतो आणि रव्यासारखा खरखरीत बसतो. बारीकसारीक खर असेल तर काढायच्या भानगडीत पडूच नका, रंगाखाली झाकली जाते. चेहऱ्याचे नाकडोळे बुजले असतील तरच काढा.

सगळ्यात मोठी चूक थिनरची. खडेबाजारात हार्डवेअरवाला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर देईल, घरात नेलपॉलिश रिमूव्हर असेल, दोन्ही नकोत. त्यांतली अ‍ॅसिटोनसारखी द्रावणं पॉलिस्टायरीन, म्हणजे मॉडेलचं प्लॅस्टिक, विरघळवतात.

९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

१. आधी मॉडेलचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या फ्रेममधून कापले तिच्या उरलेल्या तुकड्यावर तोच प्रायमर मारून, वाळवून चाचणी घ्या.
२. झाकणाच्या काचेच्या बरणीत मॉडेल पूर्ण बुडवा. अर्ध्या तासानं बघा. प्रायमर सुटत नसेल तर अजून काही तास ठेवा. लॅकर प्रायमर चिवट असतो, हट्टानं खरवडू नका.
३. मऊ टूथब्रशनं गोल घासा, साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. गरम पाण्यात भाला, तलवार वाकते.

हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास गॅस-उदबत्ती नको. सुपरग्लूचे जोड सुटू शकतात. प्लॅस्टिक सिमेंटचे (प्लॅस्टिक वितळवून जोडणाऱ्या गोंदाचे) सहसा टिकतात. खाचांतला करडा डाग राहू द्या, त्याच्यामागं लागून तपशील झिजतात.

दिवसभर वाळवा. मग उघडीप बघून, २०–२५ सेंटिमीटरवरून, पातळ हात द्या.