क्लासची फी भरण्याआधी एक कांदा

कळव्याहून एका आईचं पत्र आलंय. मुलगी दोनदा नीटला बसली, सीटपुरते मार्क पडले नाहीत. आता ती म्हणते, पेशी कशा वाढतात, कशा विभागतात हेच शिकायचंय, बीएस्सी करते. वडील तिसऱ्या खेपेचा क्लास लावायला निघालेत. आई विचारते, "पेशी बघून पोट भरतं का?"

ताई, भरतं, पण उशिरा. बीएस्सी, एमएस्सी, पीएचडी मिळून दहा वर्षं धरून चला. नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसाठीची देशपातळीवरची परीक्षा, निघाली तर पीएचडीच्या सुरुवातीला महिना ३७,००० रुपये फेलोशिप मिळते. एवढं लांब जायचं नसेल तर एमएस्सीनंतर सायटोजेनेटिक्सच्या लॅब आहेत. तिथे रक्तातल्या पांढऱ्या पेशी ७२ तास वाढवतात, ऐन विभाजनात औषध घालून थांबवतात आणि मायक्रोस्कोपखाली गुणसूत्रं मोजून जोड्या लावतात. ४६ म्हणजे नेहमीइतकी, ४७ म्हणजे एक जास्त, जन्मजात दोषाची खूण. ४६ की ४७, याकडे एखादं घर जीव मुठीत धरून बसलेलं असतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

आणि संशोधन तर तुमच्यापासून फार लांब नाही. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे कॅन्सर संशोधन केंद्र आहे. पेशीला कधी थांबायचं ते कळेनासं झालं की कॅन्सर होतो. तिथे त्यावरच काम चालतं. विभाजनावर ताबा ठेवणारी यंत्रणा शोधल्याबद्दल २००१चं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले हार्टवेल पाव फुगवणाऱ्या यीस्टवर काम करत होते.

पण लेकीला हे खरंच आवडतंय, की ती नीटला कंटाळलीय? हे मला पत्रावरून कळत नाही. म्हणून एक करा. पाण्याच्या ग्लासवर कांदा ठेवा. तीन-चार दिवसांत पांढरी मुळं फुटतील. ती घेऊन तिला तिच्या जुन्या कॉलेजातल्या बायोलॉजीच्या मॅडमकडे पाठवा. टोकाचे दोन मिलिमीटर कापून, आम्लात जरा गरम करून, रंग चढवून कव्हरस्लिपखाली अंगठ्याने दाबायचे. बहुतेक पेशी विभागत नसतील, नुसत्या वाढत असतील. त्यांच्यातून एक अशी शोधायची, जिच्यात सोळा-सोळा गुणसूत्रं दोन टोकांकडे निघालीत.

ती अर्ध्या तासात उठली तर बीएस्सीचा पुन्हा विचार करू. दोन तासांनीही "अजून एक स्लाइड" म्हणाली तर तिसरी खेप नको. तिच्या बाबांनाही सोबत पाठवा. फी त्यानंतर ठरवा.