आधी कॉर्टिसोल, मग थायरॉक्सिन: प्रसूतीतील रक्तस्रावानंतरच्या थकव्याबद्दल

ऐरोलीहून पत्नीच्या प्रकृतीविषयी विचारणाऱ्या सदस्यांसाठी हे उत्तर लिहीत आहे. तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: दोन वर्षांपूर्वीच्या प्रसूतीत वार अडकल्यामुळे मोठा रक्तस्राव झाला आणि रक्त चढवावे लागले, बाळाला अंगावरचे दूध आलेच नाही, पाळी अजून सुरू झालेली नाही, सतत थकवा, थंडी सहन न होणे आणि सकाळी मळमळ, रक्तातील सोडियम घसरून १२४, आणि टीएसएच (थायरॉईडला काम करायला लावणारे संप्रेरक) २.१ असल्यामुळे इतके दिवस ‘थायरॉईड नॉर्मल’ असा शेरा मिळत राहिला. आणि आता फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातील थायरॉईडचे संप्रेरक, ०.५ इतके कमी निघाल्यामुळे सोमवारपासून ते भरून काढणारी थायरॉक्सिनची १०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायची आहे. माझी आग्रहाची विनंती अशी की, ही गोळी सुरू होण्याआधी सकाळी आठच्या सुमारास रक्तातील कॉर्टिसोल (आजारपणात शरीराला तग धरायला लावणारे संप्रेरक) तपासून घ्यावे आणि तो अहवाल अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांना, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टना दाखवावा. सोमवार चुकला तरी चालेल, ही तपासणी चुकता कामा नये.

मी डॉक्टर नाही. ज्या आजाराची शंका मला तुमच्या वर्णनावरून येते, त्या शीहान सिंड्रोमची (प्रसूतीतील अतिरक्तस्रावामुळे मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी निकामी होण्याच्या आजाराची) मी स्वतः रुग्ण आहे आणि अनेक वर्षे त्याच्या औषधांवर ठाण्यात नेहमीचे आयुष्य जगत आहे. तुमच्या पत्नीला हाच आजार आहे असे मी म्हणत नाही, ते तपासणीवरूनच ठरेल. परंतु तुम्ही लिहिलेली एकूण एक लक्षणे मी भोगलेली असल्यामुळे गप्प राहणे मला शक्य नाही.

टीएसएच नॉर्मल असताना थायरॉईडचे संप्रेरक इतके कमी कसे, हा तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याच्या उत्तरातच सगळे आले. आपल्या सोसायट्यांमध्ये गच्चीवरील टाकीचे पाणी कमी झाले की एक माणूस पंप चालू करतो आणि टाकी भरत आली की बंद करतो. टाकी रिकामी आणि तरीही पंप बंद असेल, तर आपण आधी त्या माणसाची चौकशी करतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी हे काम करते. रक्तातील थायरॉईडचे संप्रेरक घटले की तिने टीएसएच वाढवून थायरॉईडला जागे करायचे असते. म्हणून फ्री टी-फोर ०.५ इतका खाली असताना टीएसएच दहा, वीस किंवा त्याहूनही वर दिसायला हवा होता. तो २.१ वर स्वस्थ आहे याचा अर्थ थायरॉईड ठीक आहे असा होत नाही. आदेश देणारी ग्रंथीच आदेश देत नसावी, असा होतो. टीएसएचचा आकडा पिट्युटरीकडून येतो. तीच आजारी असेल तर तिच्याच आकड्यावरून थायरॉईडची परीक्षा करता येत नाही. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये केवळ टीएसएच पाहून ‘नॉर्मल’ लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, ती बहुतेक लोकांसाठी पुरेशी असेलही, परंतु प्रसूतीत अतिरक्तस्राव झालेल्या बाईसाठी ती धोक्याची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

गरोदरपणात दूध निर्माण करणाऱ्या प्रोलॅक्टिनच्या पेशी वाढल्यामुळे पिट्युटरी आकाराने मोठी होते. ती हाडाच्या छोट्या खोबणीत बसलेली असते आणि तिच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा मुख्यतः कमी दाबाच्या शिरांमधून होतो. अशा वेळी प्रसूतीत रक्तदाब एकदम कोसळला, तर त्या भागाला रक्त पोहोचत नाही आणि पेशी मरतात. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये हा आजार सविस्तर वर्णिला, तेव्हा त्यांच्या हाती टीएसएचची तपासणी नव्हती आणि एमआरआयही नव्हता. रक्तातील अतिसूक्ष्म प्रमाणातील संप्रेरके मोजण्याची रेडिओइम्युनोअसे ही पद्धत पुढे कित्येक वर्षांनी आली, आणि तिच्यासाठी रोझलिन यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शीहान हे विकृतिशास्त्रज्ञ होते. प्रसूतीनंतर दगावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनातील ग्रंथी आणि त्यांच्या बाळंतपणाची हकीकत, या दोन गोष्टी जुळवून त्यांनी हे ओळखले. आज इतक्या तपासण्या हाताशी असताना ती हकीकत विचारण्याचेच राहून जाते, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या घरी दूध येत नाही म्हणून आळिवाची खीर, मेथीचे लाडू आणि शतावरी यांचा मारा झाला आणि ‘मनावर घेत नाहीस’ असे बोलणेही ऐकावे लागले. पाळी आली नाही तेव्हा बाळंतपणानंतर असे होतेच, असे सांगण्यात आले. बाळाला अंगावर पाजतच नसताना हे कारण लागू पडत नाही, हे कोणाच्या लक्षात आले नाही. काखेतील केस गेले, त्वचा फिकट पडली, दुपारचे जेवण चुकले की हातपाय थरथरू लागत. दर वेळी टीएसएच नॉर्मल येत असे आणि शेवटी मला मानसोपचार घेण्याचा सल्ला मिळाला. मानसोपचारांबद्दल मला आदर आहे आणि ज्यांना गरज आहे त्यांनी ते जरूर घ्यावेत. परंतु शरीरातील कारण शोधण्याआधी बाईला तिकडे पाठवणे हा अन्याय आहे.

या सगळ्यापेक्षा महाग पडले ते पुढचे. एका दवाखान्यात पहिल्यांदा फ्री टी-फोर तपासले गेले, ते कमी निघाले आणि त्याच दिवशी मला थायरॉक्सिनची पूर्ण मात्रा लिहून देण्यात आली. कॉर्टिसोलचा विचार झाला नाही, बाळंतपणाबद्दल प्रश्नही विचारला गेला नाही. पिट्युटरी केवळ थायरॉईडला आदेश देत नाही. एसीटीएच या संप्रेरकाद्वारे ती मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींकडून कॉर्टिसोल तयार करून घेते आणि रक्तदाब, रक्तातील साखर व आजारपणातील तग या तिन्हींचा भार कॉर्टिसोलवर असतो. माझ्याकडे ते आधीच जेमतेम होते. थायरॉक्सिनमुळे शरीराची सगळी कामे वेगाने होऊ लागतात, कॉर्टिसोलची गरज वाढते आणि आहे ते कॉर्टिसोलही यकृतात अधिक वेगाने निकामी केले जाते. निरोगी माणसाच्या ॲड्रिनल ग्रंथी ही तूट भरून काढतात. माझ्या ग्रंथींना तसा आदेश देणारे कोणी नव्हते. काही आठवड्यांतच उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब लागेना आणि अर्धवट शुद्धीत मला आकस्मिक विभागात न्यावे लागले. तिथेही आधी पोट बिघडल्याचे समजून सलाइन चालू झाले. रात्रपाळीच्या एका तरुण निवासी डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना विचारले, ‘बाळंतपणात रक्त फार गेले होते का? दूध आले होते का?’ त्यानंतर हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन मिळाले आणि सकाळपर्यंत मी ओळख पटण्याइतकी शुद्धीवर आले.

बरी झाल्यावर मी त्या पहिल्या दवाखान्यात गेले होते. भांडायला नव्हे, माझ्यासारख्या पुढच्या बाईला गोळी देताना हा प्रश्न विचारला जावा, एवढेच सांगायचे होते. स्वागतकक्षाच्या पलीकडे मला जाऊ दिले गेले नाही. ‘टीएसएच नॉर्मल असताना कॉर्टिसोल करण्याची आमच्याकडे पद्धत नाही’ असे उत्तर मिळाले आणि माझ्या जुन्या कागदांच्या प्रतीही मिळाल्या नाहीत. मुलाच्या लहानपणाची जी वर्षे मी अंथरुणावर काढली, ती परत मिळणार नाहीत, याचा राग मला आजही आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणूनच सांगते, प्रसूतीच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, रक्त चढवल्याची नोंद आणि हिमोग्लोबिनचे त्या वेळचे आकडे आत्ताच मिळवून त्यांच्या प्रती काढून ठेवा. निदानात या कागदांचे वजन कोणत्याही स्कॅनइतके आहे.

आता कॉर्टिसोलबद्दल. हे संप्रेरक पहाटे वाढते, सकाळी सर्वाधिक असते आणि रात्री अगदी कमी होते, त्यामुळे अकरा वाजता किंवा संध्याकाळी घेतलेल्या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. घरी नमुना घ्यायला येणारा माणूस उशिरा पोहोचला की तपासणी वाया जाते. शक्य असल्यास स्वतः प्रयोगशाळेत जा आणि नमुना घेतल्याची वेळ अहवालावर छापली आहे ना, ते पाहा. साधारणपणे सकाळचा आकडा प्रति डेसिलिटर ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळपास निश्चित मानतात, १५ ते १८ च्या वर असेल तर ती शक्यता फार कमी उरते, आणि मधल्या आकड्यांसाठी इंजेक्शन देऊन ॲड्रिनलचा प्रतिसाद पाहणारी तपासणी करतात. प्रयोगशाळेनुसार या मर्यादा बदलतात, तेव्हा अंतिम अर्थ डॉक्टरांनाच लावू द्या. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॉर्टिसोल खोटे जास्त दिसू शकते. दम्याचा पंप, सांध्यातील इंजेक्शन किंवा औषधाच्या दुकानातून सहज मिळणारी स्टेरॉईडयुक्त मलमे यांचाही आकड्यांवर परिणाम होतो, म्हणून त्यांची यादी बरोबर न्या. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. काही पद्धतींमध्ये त्यामुळे थायरॉईडचे अहवाल चुकतात आणि तपासणीच्या आधी किमान दोन दिवस ते बंद ठेवायला सांगतात.

तुमच्या पत्नीचे सोडियम १२४ आहे, ही बाब मला थायरॉईडपेक्षा अधिक काळजीची वाटते. कॉर्टिसोल कमी असले की शरीर जास्तीचे पाणी बाहेर टाकू शकत नाही आणि सोडियम पातळ होत जाते. जेवणात मीठ वाढवून हे सुटत नाही. पोटॅशियम नॉर्मल आहे आणि त्वचा काळवंडलेली नाही, तेव्हा ॲड्रिनलचा आजार नसणार, असे तुम्हाला कोणी सांगितले असल्यास ते पुरेसे नाही: ती लक्षणे ॲड्रिनल ग्रंथी स्वतः निकामी होतात त्या ॲडिसनच्या आजारातली आहेत. पिट्युटरीच्या बिघाडात मीठ सांभाळणारे अल्डोस्टेरॉन बहुधा शाबूत राहते, म्हणून पोटॅशियम वाढत नाही, आणि एसीटीएच कमी असल्यामुळे त्वचा उलट फिकट होते. यादरम्यान उलट्या थांबेनात, चक्कर येऊन पडणे झाले, गुंगी वाटली किंवा ताप आला, तर अहवालाची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात न्या आणि ‘पिट्युटरीच्या बिघाडाची व कॉर्टिसोलच्या कमतरतेची शंका आहे, प्रसूतीत मोठा रक्तस्राव झाला होता’ हे वाक्य दारातच सांगा. अशा वेळी कॉर्टिसोलसाठी रक्त काढून लगेच हायड्रोकॉर्टिसोन देता येते.

निदान पक्के झाल्यास क्रम असा असतो: आधी हायड्रोकॉर्टिसोन आणि त्यानंतर थायरॉक्सिन. हायड्रोकॉर्टिसोन दिवसाला साधारण १५ ते २५ मिलिग्रॅम, दोन किंवा तीन भागांत, मोठा भाग सकाळी उठल्याबरोबर, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. नेमकी मात्रा डॉक्टर ठरवतील. ‘स्टेरॉईड’ हा शब्द ऐकून नातेवाईक ते बंद करायला सांगतील, त्यांचे ऐकू नका. शरीर जे रोज स्वतः बनवते तेवढेच आपण बाहेरून भरत असतो. ते सुरू केल्यावर तहान आणि लघवी फार वाढली तर डॉक्टरांना कळवा, कारण पिट्युटरीच्या मागच्या भागाची क्वचित असणारी कमतरता तेव्हा उघड होते. पुढे थायरॉक्सिनची मात्रा फ्री टी-फोरवरून ठरवायची असते, टीएसएचवरून नव्हे. टीएसएच कमी दिसतो म्हणून गोळी कमी करणारे डॉक्टर भेटतात, त्यांना हे नम्रपणे आठवण करून द्यावे लागते. तापात हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा दुप्पट किंवा तिप्पट करण्याचा नियम लेखी घ्या, उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तेव्हासाठी १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन घरी ठेवा आणि ते देण्याची पद्धत तुम्ही स्वतः शिकून घ्या. मध्यरात्री घोडबंदर रस्त्यावर अडकलेल्या रिक्षात बसून मला हे महत्त्व कळले आहे. खासगी तज्ज्ञांचा खर्च झेपत नसेल तर परळच्या केईएम रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे. गर्दी असते, परंतु माझ्या मते हा आजार तिथल्या डॉक्टरांना समजावून सांगावा लागत नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न दुसऱ्या मुलाबद्दल होता. बीजकोशांना आदेश देणारी एफएसएच आणि एलएच ही संप्रेरकेही पिट्युटरीचीच असल्यामुळे पाळी थांबते, परंतु बीजकोश स्वतः निकामी झालेले नसतात. त्यामुळे योग्य इंजेक्शने देऊन स्त्रीबीज तयार करवता येते आणि या आजारात गर्भधारणा झालेल्या स्त्रिया आहेत. मूल नको असेल त्या काळातही, काही वैद्यकीय अडचण नसल्यास, रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन देण्याचा विचार करतात, कारण त्यांच्याविना हाडे ठिसूळ होतात. हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोलून ठेवा. गर्भधारणेचा विचार मात्र कॉर्टिसोल आणि थायरॉईड दोन्ही स्थिर झाल्यावरच करावा. गरोदरपणात थायरॉक्सिनची मात्रा बहुधा वाढवावी लागते, प्रसूतीच्या वेळी हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यावे लागते, आणि ही नोंद प्रसूतिगृहाच्या कागदांवर पहिल्याच भेटीत ठळकपणे करून घ्यावी.